टाक्यांच्या खुणा

अल्सीड मेलान्सों चिडला की त्याचा आवाज आधी कुंपणापलीकडच्या उसात जातो आणि तिथून फिरून खेळाडूंच्या कानात शिरतो, असं बेल आंस गावातले लोक म्हणायचे. हे ते कौतुकाने म्हणायचे. गावातल्या स्टेट कॉलेजचा तो बेसबॉलचा मुख्य कोच. तरुणपणी स्वतः कॅचर होता, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा; गुडघे गेले म्हणून खेळ सुटला आणि शिकवणं हातात आलं. तो आला तेव्हा मैदानात पावसाचं पाणी साचायचं आणि डावीकडच्या कोपऱ्यात क्रॉफिश, ते कोळंबीसारखे गोड्या पाण्यातले जीव, बिळं करायचे. त्याने स्वतः फावडं घेऊन चर खणले, गवत लावलं, कापलं. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं आता गावोगावी शाळांतून कोच होती, आणि तीही त्याच्यासारखीच ओरडायची.

त्या वसंतात त्याच्याकडे आयुष्यातला सगळ्यात चांगला संघ होता. सामन्याच्या दिवशी लोक दुपारपासून गाड्या लावून, मोठाली पातेली चढवून क्रॉफिश उकडत बसायचे. चर्चमध्ये फादर प्रवचन आवरतं घ्यायचे. 'या खेपेला आपणच,' असं न्हावीसुद्धा म्हणायचा.

त्या संघात इश्मेल बाटीस्ट नावाचा पहिल्या वर्षाचा कॅचर होता. ओपेलुसास गावचा, काळा, अबोल. त्याचा हात असा होता की दुसऱ्या बेसकडे चोरून पळणाऱ्याला तो उठून उभा न राहता, बसल्या जागेवरून बाद करायचा. त्याची पहिली फेक पाहिली त्या दिवशी अल्सीड काहीच ओरडला नव्हता. नुसता टोपी काढून उभा राहिला होता.

मार्चमधल्या एका सोमवारी इश्मेल सरावाला आला तो उजवा हात बाहीत ओढून.

"हात दाखव," अल्सीड म्हणाला.

"काही नाही कोच. गाडीच्या दारात सापडला."

"दाखव म्हटलं ना!"

हात सुजून काळानिळा झाला होता. मधली दोन बोटं वळत नव्हती. अल्सीडने त्याचा सदरा वर केला. पाठीवर, बरगड्यांवर, खांद्यामागे जांभळे गोल उठले होते, आणि प्रत्येक गोलात दोन वाकड्या रेघा, बारीक बारीक टाक्यांच्या. बेसबॉलच्या शिवणीच्या. आयुष्यभर चेंडू खाल्लेल्या माणसाला ती खूण ओळखायला चष्मा लागत नाही.

"गाडीच्या दाराला टाके असतात का रे?"

इश्मेलने सदरा खाली ओढला.

"कोणी केलं?"

"कोणी नाही, कोच."

अल्सीडने त्याला दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः कपडे बदलायच्या खोलीत गेला. जाताना वाटेत चेंडूंची बादली होती, ती लाथेने उडवली. चेंडू सगळ्या फरशीभर झाले.

"कोणी केलं ते आत्ता सांगा. नाहीतर त्या कोपऱ्यापासून या कोपऱ्यापर्यंत एकेकाला असा पळवीन की आईचं नाव विसराल!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. फक्त शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा, कोल्टन प्रेजों बूट बांधता बांधता हसत होता. तो शेवटच्या वर्षाला होता, संघातला सगळ्यात मोठे फटके मारणारा. त्याच्या बापाचा बोटी बांधायचा कारखाना. मैदानातला नवा स्टँड त्याच बापाने बांधून दिलेला, वर हातभर अक्षरांत नाव.

"हसायला काय झालं?"

"कोच, एवढं काय त्यात?" कोल्टन म्हणाला. "सरावाच्या जाळीतल्या खांबाला चिकटपट्टीने बांधला आणि चेंडू फेकायचं यंत्र चालू केलं. थोडा वेळच. तोंड झाकायला हात वर केला त्याने, त्याला आम्ही काय करणार? नव्या पोराला जरा कडक करत होतो. तुम्हीच सांगितलं होतंत ना पहिल्या दिवशी? 'नव्यांना कडक करा, मऊ माणूस मला चालत नाही.' मग?"

एकदोघं हसली. अल्सीडने कोल्टनच्या कपाटातून बॅटी, हातमोजे, टोपी, सगळं उपसून दाराबाहेर उन्हात फेकलं.

"चालता हो. परत या मैदानात पाय ठेवलास तर तो पाय जागेवर ठेवणार नाही."

"कोच, वीकएंडला सामने आहेत!"

"तुझ्याशिवाय होतील."

ज्या दोघांनी पट्टी गुंडाळली होती त्यांनाही त्याने हाकललं. सराव झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी क्रीडा विभागाच्या प्रमुखाने, ड्वेन लँड्रीने बोलावून घेतलं. दोघं एकाच वयाचे, एका शाळेतले. लँड्रीच्या खोलीत एसी इतका लावलेला असायचा की माणसाने भांडायला यावं तर दात वाजावेत.

"बस."

"उभा बरा आहे."

"अल्सीड, पोरं मस्ती करतात. आपण नाही केली? तुला त्या बोजड लबर्टने बायूच्या दलदलीत ढकललं होतं, मगरी होत्या आत."

"लबर्टने माझा हात नाही मोडला. त्या पोराची हाडं मोडलीत, ड्वेन. फेकायच्या हाताची! बांधून मारलंय त्याला. कुत्र्यालासुद्धा कोणी असं मारत नाही."

"तो स्वतः तर म्हणतो, दारात सापडला."

"पाठही दारात सापडली काय?"

लँड्रीने हात वर केले. "बरं, ऐक. कोल्टनला दोन आठवडे बाहेर बसव. कॉन्फरन्सच्या गटस्पर्धेआधी परत घे. पोराचा बाप सकाळपासून फोन करतोय, कॉलेजचे अध्यक्ष मला फोन करतायत, मला झोप नाही. तू एवढं कर, मी बाकीचं बघतो."

"एक दिवसही घेणार नाही. पोलिसांना बोलाव."

"मग चौकशी लागेल."

"लागू दे की! मलाही तीच हवीये."

लँड्रीने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "त्याची नाही रे. तुझी."

आणि खरंच तसंच झालं. कॉलेजने शहरातल्या एका वकीलबाईंना नेमलं. संघात 'दहशतीचं वातावरण' आहे अशी तक्रार आली होती म्हणे. जाळीत काय घडलं ते राहिलं बाजूला. अल्सीडने कधी कोणाला काय शिव्या दिल्या, कोणाला ओकेपर्यंत पळवलं, कोणाच्या दिशेने बादली उडवली, हे एकेक खेळाडूला बोलावून विचारलं जाऊ लागलं. अल्सीड रोज मैदानावर जायचा, सराव घ्यायचा, आणि पोरं त्याच्या नजरेला नजर द्यायची नाहीत. बेल आंसमध्ये वारं फिरलं. न्हावी म्हणाला, "कोच, तुमचं बरोबरच आहे, पण स्पर्धा झाल्यावर हाकललं असतं तर?" अल्सीड अर्धे केस कापलेले तसाच उठून घरी आला.

"टोपी घाल," त्याची बायको ओडील म्हणाली. "आणि इतका श्वास घेऊ नकोस, मरशील."

"हे लोक माणसं आहेत का?"

"लोकच आहेत. तुला आत्ता कळलं?"

पण त्याला सगळ्यात लागलं ते टोबी व्हेरेचं. टोबी त्याचा सहायक कोच. अठराव्या वर्षी त्याच्याकडे आला होता; बाप दारूत गेलेला, तर अल्सीडने त्याला घरी ठेवून घेतलं होतं. टोबीच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता अल्सीडच होता. तो टोबी वकीलबाईंसमोर दुपारभर बसला आणि सगळं बोलला.

अल्सीडने त्याला गाड्या लावायच्या जागी गाठलं.

"माझ्या टेबलावर जेवलास तू!"

"हो, कोच."

"ओडीलने तुझे शर्ट शिवले."

"हो."

"मग जीभ कशी रे वळली?"

टोबीचे डोळे लाल होते, पण तो मागे सरला नाही. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं काय सांगितलं ते सांगा. कुठल्या पोराला भर उन्हात बेशुद्ध पडेपर्यंत पळवलं नाहीत तुम्ही? मला स्वतःला हेल्मेट फेकून मारलं नव्हतंत? ही बघा खूण, अजून आहे भुवईवर."

"मी तुला माणूस केलं."

"केलंत. आणि मी रोज रात्री घाबरून झोपायचो. दोन्ही खरं आहे, कोच."

"आणि माझी खुर्ची? तीही खरीच ना?"

टोबी खिशातल्या किल्ल्या चाचपू लागला. तेवढ्यानेच अल्सीडला कळलं की खुर्ची आधीच देऊ केलेली आहे. त्याची मूठ वळली होती. त्याने ती मोटारीच्या टपावर आपटली आणि टपाला खळगा पडला. त्या खळग्याचाही पुढे चौकशीत उल्लेख आला.

आता एकच गोष्ट उरली होती: इश्मेलने तोंड उघडणं. पण इश्मेलने कॉलेजला सांगून टाकलं होतं की आपल्याला कोणी काही केलेलं नाही. आणि तो प्लॅस्टर घालून घरी निघून गेला होता. अल्सीड रविवारी गाडी काढून ओपेलुसासला गेला. वाटभर तो मनात वाक्यं जुळवत होता. 'तुझ्यासाठी मी सगळं पणाला लावलं आणि तू असा?' असं काहीतरी तो बोलणार होता.

दार इश्मेलच्या आईने उघडलं. व्हर्लीन बाटीस्ट शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. उंच, रुंद हाडाची बाई, चर्चचे कपडे अजून अंगावर. आतून गंबोच्या, तिकडच्या घट्ट मसालेदार रश्शाच्या, फोडणीचा वास येत होता. तिने त्याला आत ये म्हटलं नाही.

"इश्मेलशी बोलायचंय, बाई."

"तो नाही बोलणार."

"त्याने बोलायला हवं! त्याने खरं सांगितलं नाही तर ते पोर सुटेल. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे, पण ते पोर..."

"तुम्ही माझ्या दारात येऊन आवाज चढवताय?"

अल्सीडने टोपी काढली.

"माझ्या मुलाला फोन आला," ती म्हणाली. "कॉलेजातून. गोड आवाजातला. तोंड उघडलंस तर पुढच्या वर्षी तुला कॉलेजात ठेवायचं की नाही ते बघावं लागेल, म्हणे. पहिल्यांदा या घरातलं कोणी कॉलेजात गेलंय. म्हणून तो गप्प आहे. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"तुम्हाला काय काय ठाऊक नव्हतं हो? तुम्ही इथे आला होतात ना, गेल्या वर्षी? या ओट्यावर बसून माझ्या हातचा भात खाल्लात. 'बाई, पोरगा माझ्यावर सोडा, मी त्याला सांभाळीन,' म्हणालात. सोडला. आणि तुझ्याच मैदानात त्याला खांबाला बांधलं. खांबाला! माझ्या पोराला! काळ्या पोराला खांबाला बांधणं कसं दिसतं ते तुला कळतं का? का तेही मीच सांगू?"

तिने 'तुम्ही' सोडलं ते त्याच्या लक्षात आलं. ते त्याला योग्यच वाटलं.

"मी त्यांना हाकलून दिलं," तो म्हणाला.

"नंतर! आधी काय सांगितलं होतंस? इश्मेलने मला सांगितलंय. कडक करा म्हणालास. तुझी तीस वर्षांची आरडाओरड ऐकून ती पोरं काय शिकणार होती, भजनं? तू चिडलायस ते तुझा हुकूम मोडला म्हणून. माझ्या रागाच्या पासंगाला तरी पुरतोय का तुझा राग? आणि मी बघ, ओरडतेय का? मला ओरडून चालत नाही. मी ओरडले तर लोक पोलीस बोलावतील. तू ओरडतोस, तुझा पुतळा बांधतील."

अल्सीडला आयुष्यात कोणी असं उभं केलं नव्हतं. राग तर गेलाच नाही, उलट वाढला. पण आता त्या रागाला दोन तोंडं फुटली होती, आणि एक त्याच्याकडेच होतं.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"ते मला विचारू नकोस. माझ्या पोराच्या तोंडातून तुझं काम करून घेऊ नकोस, एवढंच." आणि तिने दार लावून घेतलं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात समितीची बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मध्ये वकीलबाई. लँड्रीने त्याला दारातच गाठून शेवटचं सांगितलं: कोल्टनला घे, माफी माग, रागाचा काहीतरी कोर्स कर, सगळं फाइलबंद.

अल्सीड आत गेला आणि उभाच राहिला.

"मी पोरांवर ओरडलो," तो म्हणाला. "बादल्या उडवल्या. टोबी व्हेरेची भुवई मी फोडली. त्याने तुम्हाला सांगितलं ते सगळं खरं आहे. लिहून घ्या. आणि पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो, नव्यांना कडक करा. तेही लिहा. माझ्या त्या शब्दावर तिघांनी एका पोराला खांबाला बांधून यंत्राने चेंडू मारले, आणि इथे बसलेल्या कोणीतरी त्या पोराला फोन करून धमकावलं. हेही लिहा. का थांबलात? हात दुखतोय?"

वकीलबाईंनी खरंच लिहायचं थांबवलं होतं.

"लिहा!" तो गरजला. पाण्याच्या बाटल्या हलल्या.

संध्याकाळी त्याला काढून टाकलं. कारण दिलं, स्वभाव.

पण तो गप्प बसला नाही. जे आत बोलला तेच त्याने गावच्या वर्तमानपत्राच्या माणसाला जसंच्या तसं सांगितलं, आपल्या दोषासकट. कॉलेजने 'नाराज माजी कर्मचारी' असं म्हणून हात झटकले. कोल्टन परत आला, टोबी मुख्य कोच झाला, आणि संघाने कॉन्फरन्स जिंकली. बेल आंसच्या रस्त्यावरून अग्निशमनदलाच्या गाडीवर पोरं मिरवली. भोंगा अल्सीडच्या घरासमोरून जाताना मुद्दाम जास्त वाजवला. तो ओट्यावर बसून होता. ओडीलने आत ये म्हटलं तरी उठला नाही.

"मी घडवलेला संघ आहे तो," तो म्हणाला. "प्रत्येकाचा पाय कुठे पडतो ते मला माहीत आहे."

"म्हणून तर बघवत नाहीये ना?"

"बघवतंय. विसरायचं नाही म्हणून बघतोय."

वर्तमानपत्रातली ती मुलाखत मात्र व्हर्लीनच्या वकिलाने जपून ठेवली होती. इश्मेलने ते कॉलेज सोडलं, आणि उन्हाळ्यात तिने कॉलेजवर दावा लावला. अल्सीडला साक्षीला बोलावलं. कॉलेजच्या वकिलाने त्याला दोन तास सोलला. 'म्हणजे या हिंसेचे उगमस्थान तुम्हीच, नाही का?' अल्सीडच्या मानेच्या शिरा फुगल्या. सगळ्यांना वाटलं, आता उठतो आणि याला धरतो. तो म्हणाला, "उगम मी. धरण बांधायचं सोडून पाणी विकायला बसलात ते तुम्ही." न्यायाधीशांनी त्याला समज दिली. पट्टी गुंडाळणाऱ्या दोघांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी रडत रडत सगळं कबूल करून गेला.

कॉलेजने शेवटी दाव्याबाहेर मिटवलं, जाहीर माफी मागितली. लँड्री निवृत्त झाला; निरोपाचा समारंभ झाला, केक कापला. कोल्टन तोवर एका व्यावसायिक क्लबात गेला होता. स्टँडवरचं नाव तसंच राहिलं. अल्सीडला कुठल्याच कॉलेजने घेतलं नाही. एका शाळेने बोलावलं, तिथे तो गेला. पोरांवर ओरडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं आणि ते त्याला इतकं जड जायचं की सराव संपल्यावर तो गाडीत काचा वर करून एकटाच बोंबलायचा. पोरं लांबून बघायची आणि हसायची.

पुढल्या फेब्रुवारीत त्याला कळलं की इश्मेल दुसऱ्या एका छोट्या कॉलेजकडून खेळतोय. शनिवारी तो लेक चार्ल्सला सामना बघायला गेला आणि स्टँडमध्ये सगळ्यात वरच्या बाकावर, टोपी खाली ओढून बसला.

तिसऱ्या डावात समोरचा एक खेळाडू दुसऱ्या बेसकडे चोरून पळाला. इश्मेल उठला आणि त्याने फेकलं. उठला, हे अल्सीडने पाहिलं. बसल्या जागेवरून नाही. आणि चेंडू सुटताना मधली बोटं मागे राहिली. चेंडू हातभर उजवीकडे गेला. पळणारा आरामात पोचला, कपडे झटकत उभा राहिला. गेल्या वर्षी हा निम्म्या वाटेत मेला असता.

अल्सीडचा जुना राग पेटला. त्या बोटांवर, त्या पट्टीवर, केकवर, स्टँडवरच्या त्या अक्षरांवर, स्वतःच्या त्या एका वाक्यावर. वर्षभराने कमी झाला असेल असं त्याला वाटलं होतं. काही कमी झालेला नव्हता.

तेवढ्यात डगआउटमधून, मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून, इश्मेलचा नवा कोच ओरडला, "हात आहे का दोरी? मऊ पोरं नकोत मला!"

"ए, गप बस!" अल्सीड उभा राहून गरजला. "त्याच्या हाताला काय झालंय ते विचार आधी, मूर्खा!"

अख्खा स्टँड वळला. खाली मैदानात इश्मेलनेही वर पाहिलं. तो आवाज त्याने कुठेही ओळखला असता. त्याने हात केला नाही, मानही हलवली नाही. जाळी तोंडावर ओढली आणि बसला. अल्सीडही मटकन खाली बसला.

पुढच्या रांगेतून एका बाईने मागे पाहिलं. व्हर्लीन होती. मांडीवर भाजक्या शेंगांची पिशवी.

"इथेही आलास ओरडायला?"

"त्याच्यावर नाही ओरडलो."

"ऐकलं मी." तिने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, आणि मैदानाकडे बघत चावत राहिली. ती त्याच्यावर अजून रागावलेली होती, ते तिच्या पाठीवरून दिसत होतं. आणि त्याला ती पाठ बघत बसायला काही हरकत वाटली नाही.

पुढच्याच चेंडूवर पंचाने सरळ मध्यातून आलेला चेंडू चुकीचा ठरवला. व्हर्लीनने मान न वळवता म्हटलं, "एवढा घसा मोकळा करायचा असेल तर त्या पंचावर कर. मघापासून आंधळ्यासारखा उभाय तिथे."

अल्सीडने टोपी मागे सरकवली, छाती भरून श्वास घेतला आणि पंचाच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली.